समोरचा एकटा पडेल

माझ्या भावाने माझ्याकडे राहायला यायचं नाकारलं ते एका माणसापायी. तो माणूस कोण, तर कॉम्प्युटरमधल्या एका उजाड शहरात, समोरच्या इमारतीत उभा असलेला कुणी एक वाकलेला इसम. "समोरचा एकटा पडेल," असं दादा फोनवर म्हणाला. मी त्याच्यासाठी खोलीला रंग काढला होता, खिडकीला नवी जाळी बसवली होती, न्हाणीघरात धरायला भिंतीत दांडा ठोकून घेतला होता. सख्खी बहीण एकटी पडली तर चालते, वाटतं.

खरं तर मला राग यायचं कारण नव्हतं. दादा पहिल्यापासून असाच आहे. आयुष्यभर त्याने लिफ्ट दुरुस्त केल्या, आणि त्यातही वरचं काम त्याच्याकडे. इमारतीच्या गच्चीवर एक खोली असते, तिच्यात लिफ्टची मोटर, जाड तारांचे दोर आणि ग्रीसचा वास. तिथे त्याचा दिवस जायचा. त्याचा जोडीदार असायचा थेट तळाशी, लिफ्टच्या खड्ड्यात. त्या माणसाला दादा नावाने हाक मारत नसे, 'खालचा' म्हणे. माणूस जिथे उभा असेल तेच त्याचं नाव, अशी दादाची पद्धत.

मोटरच्या गोंगाटात ओरडून काही पोचत नाही, म्हणून या दोघांचं बोलणं टॉर्चने चाले. एकदा लावली की थांब, दोनदा लावली की वर, तीनदा लावली की खाली. आणि नियम असा, की पलीकडच्याने तोच इशारा जसाच्या तसा परत केल्याशिवाय लिफ्ट हलवायची नाही. परत केला म्हणजे त्याला कळलं. भलतंच काही दाखवलं तर तो माणूस आपल्या कामाचा नाही, तो कुणाचा तरी जीव घेणार. हे दादाने मला इतक्या वेळा समजावलंय की माझं पाठ झालंय. दुसऱ्या कुठल्याही विषयावर तो एवढं बोललेला मला आठवत नाही.

घरी बोलायचं काम वहिनीचं. ती स्वयंपाकघरातून बोलायची, बाल्कनीतून बोलायची, न्हाणीघरातून तर जास्तच मोठ्याने बोलायची, आणि दादा बाहेरच्या खुर्चीतून "हं" म्हणायचा. त्या "हं"चे चारपाच प्रकार होते आणि वहिनीला ते सगळे ओळखू यायचे. मूलबाळ झालं नाही. त्यावरून कुणी काही बोललं तर वहिनी म्हणायची, एक सांभाळतेय तोच पुरेसा आहे. असा त्यांचा संसार होता आणि चांगला होता. मग वहिनी आजारी पडली आणि गेली. इस्पितळाच्या बोळात दादाला ते सांगायची पाळी माझ्यावर आली. त्याने ऐकलं आणि "हं" म्हणाला. तो प्रकार मला ओळखीचा नव्हता.

नंतर मी त्याच्याकडे जायची तेव्हा टीव्ही चालू असायचा, पण आवाज बंद. मी विचारलं, ऐकू येत नाही का तुला? म्हणाला, ऐकायचंय कुठे, उजेड हलत राहतो तेवढा बरा वाटतो. घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा माझ्या लेकीने आपला जुना कॉम्प्युटर मामाला नेऊन दिला. ती इस्पितळात एक्स-रे काढते, दिवसभर माणसांची हाडं बघते, पण मन आहे तिला. बिलं भरता येतील, जुने सामने बघता येतील, असा तिचा हिशेब. त्या कॉम्प्युटरवर एक खेळ राहून गेला होता, तो काढून टाकायचा ती विसरली. आमच्या घरातल्या सगळ्या भानगडी अशा कुणाच्या तरी विसरण्यातून सुरू होतात.

तो खेळ असा. जग बुडालंय. का बुडालं ते शेवटपर्यंत कळत नाही. एका मोठ्या ओसाड शहरात तुम्ही उरला आहात. डबाबंद अन्न शोधायचं, पाणी शोधायचं, थंडीत लाकडं जाळायची, एवढंच. खेळ अगदी भिकार केलेला, असं लेकच म्हणते. कुत्री भिंतीतून आरपार जातात. छप्पर शाबूत असलेल्या खोलीत बर्फ पडतो. एक डबा खाल्ला तरी संपत नाही आणि दुसरा उघडतच नाही. आधी पुष्कळ लोक खेळत होते, ते कंटाळून सोडून गेले. आता चुकूनमाकून एखादा खेळाडू त्या शहरात उतरतो, आणि दुसरा कुणी दिसला तर आधी गोळी घालतो, कारण पिशवीतलं अन्न पळवायची हीच रीत.

दादा त्यात गुंतला तो लिफ्टमुळे. त्या शहरातल्या एका इमारतीत बंद पडलेली लिफ्ट होती आणि तिला काउंटरवेटच दाखवलं नव्हतं. काउंटरवेट म्हणजे लिफ्टला तोलून धरणारं पलीकडचं वजन. ते नसेल तर लिफ्ट नाही, नुसती पेटी. दादाला झोप लागेना. लेकीकडून पत्ता घेऊन त्याने कंपनीला सविस्तर कळवलं. कंपनीकडून ताबडतोब उत्तर आलं, की आपण वेळ काढून लिहिलंत याबद्दल आम्ही मनापासून आभारी आहोत. ते उत्तर यंत्राने पाठवलेलं असतं हे मला लेकीने सांगितलं. दादाला वाटलं माणसं फार चांगली आहेत. त्याने खेळ पुढे सुरू ठेवला, म्हणे सुधारणा केली का ते बघतो.

सुधारणा कसली होतेय. पण आवाज मात्र खरा आहे, असं तो म्हणायचा. लिफ्टच्या रिकाम्या शाफ्टमधून, म्हणजे ती वरखाली जाते त्या उभ्या पोकळीतून, वारा वर चढताना जो आवाज होतो तो कुणीतरी खरोखर आत उतरून टिपलाय. दादाने एकदा मला फोनवरून तो ऐकवला. तारा हळूहळू करकरत होत्या, खालून कुठून तरी दार आपटल्याचा आवाज येत होता, आणि मधेमधे काहीच नव्हतं. मला तो मुळीच आवडला नाही. दादा म्हणाला, तुला नाही कळायचं ठमे.

आणि मग त्याला समोरचा भेटला. दादाने राहायला निवडलेल्या खोलीसमोर काचेची एक उंच इमारत होती. एका दुपारी त्याला पलीकडे, त्याच मजल्यावर, कुणीतरी उभं असलेलं दिसलं. एका खांद्यावर पिशवी, पाठ जरा वाकलेली. दादाने सवयीने खेळातली टॉर्च दोनदा लावली. पलीकडून काही नाही. मग थोड्या वेळाने पलीकडची टॉर्चही दोनदा लागली. दादाने एकदा लावली, थोड्या वेळाने तिकडून एकदा. तीनदा लावली, तिकडून तीनदा. दादाने मला त्या दिवशी स्वतःहून फोन केला, आणि स्वतःहून फोन करणं म्हणजे त्याच्या दृष्टीने सणच. म्हणाला, लाइनमधला माणूस आहे. इशारा परत करतो. बरोब्बर करतो, एक चूक नाही. जरा उशीर लावतो, पण विचार करून उत्तर देणारा दिसतोय.

मी म्हटलं, तुझ्यासारखाच की मग.

"तेच म्हणतोय मी," दादा म्हणाला.

रोज दुपारी चारला तो तिथे हजर होऊ लागला. समोरचाही असायचाच. दादा अंघोळ करून, बाहेर जायचा शर्ट घालून कॉम्प्युटरपुढे बसायचा. दाढीही करायला लागला होता, म्हणून मला आधी बरंच वाटलं. समोरचा एकटाच राहतो, त्याच्याकडेही लाकडं कमी असावीत, तो कधी आधी निघून जात नाही, अशा बातम्या मला कळायला लागल्या. आमच्या ह्यांच्याबद्दल दादाने इतक्या वर्षांत एवढी चौकशी केली नव्हती.

मग दादा न्हाणीघरात पडला. चक्कर आली, डोक्याला खोक पडली, आणि शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाई भांडं परत द्यायला आल्या म्हणून कळलं. त्या दुसऱ्या दिवशी आल्या असत्या तर काय झालं असतं, याचा विचार करायला मला आजही आवडत नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, यांना आता एकटं ठेवू नका. मी खोली तयार केली. आणि दादाने ते उत्तर दिलं.

कॉम्प्युटर बरोबर घेऊन ये, मी म्हटलं, इथे खेळ. तर त्यातही मेख होती. त्या भिकार खेळाला माणूस कळत नाही, त्याच्या घरचं इंटरनेट कळतं. घर बदललं की तो खेळ तुम्हाला नवा माणूस समजतो आणि पहिल्यापासून सुरू करतो, तोही शहराच्या भलत्याच टोकाला. समोरच्याला न सांगता निघून जायचं? आणि सांगायचं तर कसं, टॉर्चमध्ये 'जातो' असा इशाराच नाही. मी खूप समजावलं, रडून पाहिलं, चिडून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी.

शेवटी लेकीला घेऊन मी स्वतः गेले. डोक्याला पट्टी बांधलेला दादा चार वाजता शर्ट घालून बसला. आम्ही मागे उभ्या राहिलो. पडद्यावर राखाडी संध्याकाळ होती, खाली रस्त्यावर गंजलेल्या गाड्या होत्या, आणि समोर काचेत तो होता. दादाने टॉर्च दोनदा लावली. आम्ही वाट पाहिली. तिकडची टॉर्च दोनदा लागली, तसा दादा हसला. वहिनी गेल्यापासून मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं. माझा राग तिथल्या तिथे विरघळला. मी मनात म्हटलं, कोण असशील तो अस बाबा, सुखी राहा.

मग दादा आमच्यासाठी चहा टाकायला उठला, आणि लेक त्याच्या खुर्चीत बसली. मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही, चहात साखर किती घालायची ते सांगायला आत गेले. परतताना लिफ्टमध्ये तिने दोनदा भलतंच बटण दाबलं. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, आई, तिथे कुणी नाहीये. तो मामाच आहे.

मला कळेना. तिने सावकाश सांगितलं. या खेळात सगळं आपल्या डोळ्यांनी दिसतं, त्यामुळे आपण स्वतः कसे दिसतो ते खेळणाऱ्याला कधीच कळत नाही. त्या इमारतीच्या काचेत प्रतिबिंब दिसायला हवं, पण तेही बिघडलेलं. ते उशिरा दिसतं, आणि काचेवर न दिसता काचेच्या पलीकडे माणूस उभा असल्यासारखं दिसतं. मामाने टॉर्च लावली की थोड्या वेळाने तीच टॉर्च तिकडे लागलेली दिसते. तिने दादाच्या खुर्चीतून खेळातल्या माणसाला खाली बसवून पाहिलं, तर समोरचाही खाली बसला. उडी मारली, तर त्यानेही मारली. मामा आयुष्यात कधी उडी मारायचा नाही, म्हणून त्याला कळलं नाही, असं ती म्हणाली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले.

दुसऱ्या कुणाची अशी फसगत झाली नसती. दुसऱ्याला कधीतरी वाटलं असतं, हा माझी नक्कल का करतोय? पण दादाच्या धंद्यात नक्कल करणारा हाच भरवशाचा माणूस.

लेक म्हणाली, सरळ सांगून टाक, म्हणजे यायला तयार होईल. मी नाही म्हटलं. एकदा त्या बोळात उभं राहून मी त्याला एकीच्या जाण्याची बातमी दिली होती. आता आणखी एक माणूस गेला, किंबहुना कधी नव्हताच, हे मी त्याला सांगणार नव्हते. कुणाला माझं चुकलं वाटत असेल तर वाटो.

मी दुसराच बेत केला. आपणच त्या शहरात उतरायचं. दादाला गाठायचं, रोज दुपारी भेटायचं, टॉर्च दाखवायची. चांगली गट्टी जमली की एक दिवस फोनवर सांगायचं, अरे, ती मीच. मग तो समोरच्याला विसरला नाही तरी खरं माणूस जोडीला आहे म्हटल्यावर इकडे येईल. लेकीने तिचा लॅपटॉप दिला, कुठली बटणं दाबायची ते शिकवलं. आमचे हे म्हणाले, म्हातारपणी बंदूक चालवायला निघाली. त्यांना म्हटलं, तुमच्यावर कधी चालवली नाही यात समाधान माना.

पहिल्या दिवशी मी उघड्या गटारात पडून मेले. दुसऱ्या दिवशी नदीत गळ्यापर्यंत उभी राहून तहानेने मेले, कारण त्या नदीचं पाणी पिताच येत नाही. भिंतीतून आलेल्या कुत्र्याने दोनदा खाल्लं. नाकी नऊ आले. पण मधल्या काळात मी चालत होते, आणि चालताना मला ते शहर कळायला लागलं. एका घरात टेबलावर कप मांडलेले होते, खुर्ची मागे सरकवलेली होती, जणू कुणी आत्ताच उठून आत गेलंय. मी सगळ्या खोल्या पाहिल्या. कुणी नव्हतं. वाऱ्याने पडदा हलत होता. मी माझ्या स्वयंपाकघरात बसले होते, बाहेर ह्यांचा खोकला ऐकू येत होता, तरी मला इतकं एकटं वाटलं की मी उठून दिवा लावला. वहिनी गेल्यावर दादा रोज कुठे राहत होता ते मला तेव्हा समजलं. त्याच्या घरी इतक्या वेळा जाऊन जे दिसलं नव्हतं, ते त्या भिकार खेळाने दाखवलं.

दादाने सांगितलेल्या खुणा मला पाठ होत्या. पाण्याची टाकी, बंद थिएटर, मग काचेची इमारत. एका दुपारी मी पोचले. इमारतीच्या बाहेरून लोखंडी जिना होता. तो चढून मी दादाच्या मजल्याइतक्या उंचीवर, काचेसमोरच्या अरुंद सज्ज्यावर जाऊन उभी राहिले. पलीकडे एका खिडकीत उजेड होता आणि त्यात एक माणूस. खांद्यावर पिशवी, पाठ वाकलेली. तो काचेतला नव्हता, तो खरा माझा दादा होता. चार वाजून गेले होते, म्हणजे तिकडे घरी त्याच्या अंगात बाहेरचा शर्ट असणार, डोक्याला पट्टी असणार. मला इतका आनंद झाला की मी लॅपटॉपपुढे हात हलवला.

त्याने टॉर्च एकदा लावली. एकदा म्हणजे थांब. मी एकदाच लावून ती परत करायची, बस्स, एवढंच करायचं होतं. जन्मभर ऐकलं होतं मी. पण मला वाटलं त्याला कळू दे किती आनंद झालाय ते. मी टॉर्च लावत सुटले, कितीदा ते मलाही माहीत नाही. त्याने पुन्हा एकदा लावली. थांब. मी आणखी नीट दिसावं म्हणून एक पाऊल पुढे टाकलं. तेवढ्यात पडदा लाल झाला, मग काळा.

बाहेरच्या खोलीत माझा फोन वाजून वाजून थांबला, तो उचलायचंही सुचलं नाही.

संध्याकाळी फोन पुन्हा वाजला. दादाच होता. इतक्या भरभर बोलत होता की आधी मला आवाज ओळखू येईना.

"अगं, आज एक माणूस आला होता," तो म्हणाला. "समोरच्याच्या खिडकीपर्यंत चढला. अगदी त्याच्या अंगावर. मी दोनदा इशारा दिला थांब म्हणून, तर त्याने काहीतरी भलतंच दाखवलं. आपल्यातला नव्हता. मग काय करणार, घातली गोळी."

मी विचारलं, समोरच्याला काही झालं का?

"छे. तो पक्का उभा होता. आणि तुला सांगतो ठमे, थोड्या वेळाने त्यानेही बंदूक उचलली होती. माझ्यासाठी." मग दादा म्हणाला, "ही गेल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी माझ्या बाजूने उभं राहिलं."

मग मी म्हटलं, "बरं केलंस दादा."

त्याने विचारलं, दुपारी फोन केला तर उचलला का नाहीस? मी म्हटलं, जरा आडवी झाले होते. म्हणाला, झोपत जा दुपारची, आपलं वय झालं आता. त्याचा सूर इतका मायेचा होता, की मी धीर करून खोलीचं विचारलं. दांडा बसवलाय, जाळी बसवलीय, कधी येतोस?

"आता तर नाहीच येता यायचं," दादा म्हणाला. "तो माणूस परत आला म्हणजे?"